छपराचा भार

६ नोव्हेंबर २०२४, बुधवार

दिवाळीचा कंदील उतरवायला शिडी लावलीच होती, म्हणून मधल्या खोलीच्या आढ्याखाली दोरी ताणून बघितली. आढ्याला मधोमध दोन इंच झोल. गेल्या महिन्यातल्या वाऱ्यात सतरा कौलं सरकली तेव्हा मी नुसती कौलं परत बसवली आणि हात झटकले. दुखणं कौलांचं नव्हतंच.

कंपनीत चौतीस वर्षं शिफ्ट संपली की लॉगबुक भरायचो. रिटायर झाल्यावर ती सवय या वहीत आली. पण आजपासून जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण ही वही पुढे गणराजच्या बाळाने वाचावी अशी इच्छा आहे. तर बाळा, मी जयसिंग, तुझा आजोबा. चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला होतो, पत्रा दाबणाऱ्या मशीनवर. हे मोशी गावठाणातलं घर माझ्या वडिलांनी १९७१ साली बांधलं. चार खोल्या, वर मंगलोरी कौलं, आणि मधल्या खोलीत एक सागवानी खांब. सगळं छप्पर त्या खांबावर.

जुलैच्या शेवटी गणराजचा फोन आला होता. नेटवर्क नेहमीसारखं खराब, त्यात पोरगा तोंडातल्या तोंडात बोलतो. पण ‘तनुजा’, ‘तिसरा महिना’, ‘बाळ’ एवढं नीट कळलं. मी म्हणालो, “छान, छान! आनंदाची बातमी दिलीस.” त्याने फोन ठेवला. लाजला असेल. तुझी आजी साधनाही त्या संध्याकाळी देवापुढे बसून डोळे पुसत होती. तिच्याशी मी विषय काढला नाही. आमच्यात दिवस भरत येईपर्यंत बोलत नाहीत, माझी आईही बोलायची नाही. हिशेबाने फेब्रुवारी येतो. त्याआधी छप्पर सरळ झालंच पाहिजे. त्याखाली बाळ निजणार आहे.

साधना म्हणते, दुपारी ऊन तापलं की छप्पर करकरतं. आज दोन ते तीन मी खांबाशी खुर्ची टाकून बसलो. काहीही करकरत नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

एक कंत्राटदार येऊन गेला. वर चढलासुद्धा नाही. खालून मोबाइलवर फोटो काढले आणि म्हणाला, सगळं काढून टाकू, निळा पत्रा ठोकू, चार दिवसांत मोकळे. त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

गणराजला फोन केला, उचलला नाही. साधनाशी मात्र तो बोलतो. ती मोबाइल घेऊन मागच्या दारी जाते. दिवाळीलाही दोघं आली नाहीत. अशा दिवसांत तनुजाने पिंपळे सौदागरपासून खड्ड्यांतून येऊ नये हेच बरोबर आहे. मला राग नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आज जे बघितलं ते लिहून ठेवलंच पाहिजे.

साधनाने कुणाकडून तरी नवाबभाईंचं नाव काढलं होतं. वय माझ्याच आसपास, बारीक अंगाचा माणूस, दाढी पांढरी. हल्ली चाकणच्या शेडवर पत्रे चढवायची कामं घेतात, पण वडील कौलारू घरांचे सुतार. साधना भाजी घेऊन आली तेव्हा ते दाराबाहेर उभे होते. दहा मिनिटं उभे होते म्हणे. बेल बिघडलेली दिसते. उद्या उघडून बघतो.

नवाबभाई चपला काढून छपरावर गेले. मी अंगणातून बघत होतो. माणूस कौलांवरून चालला आणि एक कौल हललं नाही! पाऊल टेकायच्या आधी अंगठ्याने चाचपायचे, मग भार द्यायचे. आढ्यापर्यंत गेले, तिथे उकिडवे बसले, आणि बराच वेळ नुसते छपराकडे बघत राहिले. मी आजवर जितक्यांदा वर गेलो तितक्यांदा चार-दोन कौलं फोडूनच उतरलो.

“वासा कुठं हाय ते पायाला कळतं,” उतरल्यावर म्हणाले.

मग मधल्या खोलीत आले. हातोडीच्या दांड्याने खांबावर वर ठोकलं, खाली ठोकलं. “ऐकलं का, जयसिंगराव? वर टणक, खाली पोकळ.”

मी म्हणालो, ऐकलं. खरं तर दोन्ही सारखंच वाटलं. गिऱ्हाइकाला घाबरवायची ही जुनी रीत, असं मनात आलं. त्यांनी पुन्हा तीन-चार जागी ठोकलं आणि विचारलं, “सांगा, कुठून पोकळ सुरू होतं?” मी छातीएवढ्या उंचीवर बोट ठेवलं.

त्यांनी माझा हात धरला, पंजा उघडून खांबाला टेकवला, आणि पलीकडून ठोकलं. मग हात वीतभर खाली नेला, पुन्हा ठोकलं. असं करत गुडघ्यापर्यंत आलो. वर ठोका तळहातात सुईसारखा टोचत होता. गुडघ्याखाली तो पोचतच नव्हता. आत काही उरलंच नव्हतं, वाळवीने खाऊन भुसा केला होता. रंग लावलेल्या सालीवर माझ्या वडिलांचं घर उभं होतं, आणि मी रोज त्याला पाठ टेकून पेपर वाचत होतो.

सगळ्यांनाच ते असा हात धरून दाखवत असतील. शिकवायची चांगली पद्धत आहे.

काम त्यांनाच दिलं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

मधल्या खोलीवरची कौलं उतरवली. नवाबभाई आणि त्यांचा पुतण्या आमिर, तिशीतला गडी, दोघं मिळून. प्रत्येक कौल कपड्याने पुसून अंगणात उभं रचलं. मी मोजली, सातशे बारा. एक वजन करून बघितलं, सव्वादोन किलो. गुणाकार केला तर नुसत्या मधल्या भागाचा दीड टनाच्या वर. पूर्ण छप्पर, वासे, त्यांवर ठोकलेल्या रिपा धरून पाच टनांच्या खाली नाही. आमच्या डोक्यावर पन्नास वर्षं पाच टन होते आणि आम्ही त्याखाली भांडलो, जेवलो, निजलो.

दुपारी मधल्या खोलीत ऊन आलं. घर बांधल्यापासून या फरशीवर ऊन पडलं नव्हतं. साधना त्या उन्हात जाऊन उभी राहिली, अनवाणी. फरशी केवढी लाल आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. ती काहीतरी म्हणाली, मी मान हलवली.

संध्याकाळी बाजारातून आलो तर माळा काढलेला! वडिलांच्या हातचा. आमिरला झापलं. तो म्हणाला, “काका, सकाळी विचारलं तर तुमीच मान डोलावली.” मी कशाला डोलावेन? नवाबभाईंनी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

मतदानामुळे काल सुट्टी होती. आज पुन्हा नवल बघायला मिळालं.

मी माझी स्पिरिट लेव्हल काढून दिली होती, जर्मन बनावटीची. नवाबभाईंनी तिला नमस्कार केल्यासारखं करून बाजूला ठेवलं. थैलीतून पारदर्शक नळी काढली, वीस-पंचवीस फूट, आणि तांब्याने तिच्यात पाणी भरलं. एक टोक आमिरने समोरच्या खोलीत भिंतीला धरलं, दुसरं नवाबभाईंनी मागच्या खोलीत. मध्ये दोन भिंती. एकाला दुसरा दिसत नाही. पाणी वरखाली झालं आणि थांबलं. दोघांनी पेन्सिलीने खूण केली. झालं. इथलं पाणी आणि तिथलं पाणी एकाच उंचीवर, केसभर फरक नाही.

तत्त्व मला माहीत होतं. आयटीआयला शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. पण आपल्या घरात दोन भिंतींपलीकडचं पाणी इकडच्या पाण्याला बरोबर ओळखतं, हे बघून अंगावर काटा आला.

नवा खांब भोसरीच्या वखारीतून आणला. कुठल्यातरी पाडलेल्या घराचा जुना साग. मी म्हटलं होतं, लोखंडी चॅनेल टाका. नवाबभाई म्हणाले, “वरचं सगळं लाकूड हाय. ते पावसात फुगतं, उन्हात आकसतं. लोखंड जागचं हलत न्हाई. दोघांचं जमायचं न्हाई.” वखारीत त्यांनी अकरा खांब ठोकून बघितले. प्रत्येकाला मी हात लावला. सातवा घ्यायचा हे त्यांनी सांगायच्या आधी मला कळलं होतं!

तो खांब बाळाच्या जन्माआधी उभा राहणार. कुणाच्या पाडलेल्या घराचा आहे ते मात्र वखारवाल्याला सांगता आलं नाही.

२५ नोव्हेंबर, सोमवार

रागात लिहितोय. अक्षर खराब येईल.

आज छप्पर थोडं उचलायचं होतं. खांबाच्या दोन्ही बाजूंना टेकू लावले, त्यांच्याखाली स्क्रू जॅक. नवाबभाई शिडीवर, आमिर जॅकशी. थोडं उचलायचं, थांबून बघायचं, मग पुन्हा थोडं, असं ठरलेलं. फिरवायच्या आधी मी बॅटरी घेऊन खांबाच्या बुडाशी वाकलो, पाया बघायला. आमिर काहीतरी बोलला, मी मान हलवली आणि बघत राहिलो.

एकदम कुणीतरी मला पाठीमागून ढकललं. मी भिंतीवर जाऊन आपटलो. वळून बघतो तर नवाबभाई जमिनीवर पडलेले, आणि मी वाकलो होतो तिथे खांबाच्या डोक्यावरचा लाकडी ठोकळा. असेल वीस किलोचा. शिडीवरून त्यांनी उडी मारली होती. मनगट सुजून टम्म झालं.

लाकूड तडकल्याचा आवाज आला म्हणे. सगळे ओरडले म्हणे. साधना स्वयंपाकघरातून ओरडत आली म्हणे. मग मला कुणीच कसं सांगितलं नाही?

मनगटाला फडकं बांधून नवाबभाई म्हणाले, “जयसिंगराव, काम बंद. तुमी घरात असताना मी जॅक फिरवणार न्हाई.” माझं घर, आणि मी त्यात थांबायचं नाही! मी म्हणालो, मग दुसरा माणूस बघतो. ते गेले. आमिर खाली मान घालून त्यांच्या मागे.

मधली खोली उघडी आहे. वर ताडपत्री. फेब्रुवारी जवळ येतोय.

अहो, मी साधना. तुम्ही हातपाय धुवायला गेलात तेवढ्यात वही घेतली. मागची पानं वाचली, माफ करा. वाचली नसती तर तुम्ही काय समजून बसला आहात ते मला कळलंच नसतं.

तुम्हाला ऐकू येत नाही. चार वर्षं झाली. दोनदा म्हटलं कान दाखवू, तर तुम्ही ताटावरून उठलात. मग मी बोलणंच कमी केलं. बेल चांगली आहे. छप्पर करकरतं. आज आमिर विचारत होता, बाजूला झालात का, फिरवू का. तुम्ही मान हलवलीत.

जुलैत गणराजने फोन केला तो बाळ गेल्याचं सांगायला. तिसरा महिना होता. तुम्ही छान म्हणालात. तनुजा शेजारीच बसली होती, फोन स्पीकरवर होता.

त्या संध्याकाळी मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही मान हलवलीत आणि बातम्या लावल्यात. मला वाटलं, ऐकू आलंय आणि तुम्हाला त्याचं काही नाही. परत सांगायचं तर ओरडून सांगावं लागलं असतं. ती गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नव्हती.

जेवायला या. आमटी गरम करते.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

काल जेवलो नाही. आज जेवलो. साधना समोर बसली होती. 

सहा तारखेच्या पानावरचा ‘बाळा’ हा शब्द खोडायला पेन उचललं. खोडला नाही.

२७ नोव्हेंबर, बुधवार

पिंपळे सौदागरला जाऊन आलो. एकटा, बसने. साधना म्हणाली मी येते, मी नको म्हणालो.

दार तनुजाने उघडलं. गणराज ऑफिसला गेला होता. पोरगी वाळली आहे. तिने पाणी दिलं आणि समोर उभी राहिली. बसमध्ये मी बरंच काही जुळवलं होतं, त्यातलं काही आठवेना.

“तनुजा, मला ऐकू येत नाही,” मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं. “त्या दिवशी मला फक्त बाळ एवढंच ऐकू आलं. मला वाटलं, होणार आहे. परवापर्यंत तसंच वाटत होतं.”

तिचे ओठ हलले. माझी मान सवयीने हलायला निघाली होती, ती मी आवरली.

“आत्ता काय म्हणालीस ते मला कळलं नाही. परत सांगशील?”

ती मग स्टूल ओढून माझ्या जवळ बसली. डावीकडे बसली, मी सांगितलं उजवीकडे ये, तिकडून थोडं येतं. उठून उजवीकडे आली.

“परवापर्यंत?” तिने विचारलं. “म्हणजे चार महिने तुमच्यासाठी ते होतं?”

“होतं.”

तिने तोंडावर हात घेतला. रडणं ओसरल्यावर म्हणाली, “मशीनवर ठोके ऐकवले होते आम्हाला, बाबा. पळत्या घोड्यासारखे. पुढच्या वेळी गेलो तर डॉक्टरांनी आवाज मोठा केला, आणखी मोठा केला, काहीच नव्हतं.”

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. चौतीस वर्षं शंभर टनी प्रेसशेजारी उभा राहिलो, पण एवढा थरथरणारा जीव कधी हाताखाली आला नव्हता. दोघं तशीच बसलो. तिने माझ्यासाठी भात टाकला. निघताना मी नुसतं एवढंच म्हणालो की काम पुन्हा सुरू झालं तर छप्पर उचलतात ते बघायला या. बघण्यासारखं असतं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी नवाबभाईंच्या घरी गेलो, चाकणला. मनगटाला पट्टा. त्यांच्या मंडळींनी शिरकुर्मा नाही पण खीर दिली. मी माफी मागितली आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. दुसऱ्यांदा सोपं गेलं.

“मला पहिल्या दिवशीच कळलं,” ते माझ्या उजव्या कानाशी येऊन म्हणाले. “बेल बाहेर खणखणत होती.”

“मग बोलला का नाहीत?”

“अम्मीचं असंच होतं. सांगितलं की रडायची. म्हणून आमी तिचा हात धरायचो.” मग म्हणाले, “त्या दिवशी तुमाला घराबाहेर काढलं ते रागानं न्हाई. मला दोन डोळे. एक छपरावर पाहिजे, एक जॅकवर. तुमच्यावर ठेवायला तिसरा कुठनं आणू?”

मी म्हणालो, मी बाहेर थांबतो, तुम्ही या.

“न्हाई,” ते म्हणाले. “आता तुमची गरज हाय. माझा हात कामातून गेलाय. खांबावर तुमचा हात लागंल.”

१ डिसेंबर, रविवार

गणराज आणि तनुजा सकाळी नऊलाच आली. गणराज माझ्याशी बोलला नाही. पायातले बूट काढले, बाह्या सरसावल्या आणि आमिरला विचारून दुसऱ्या जॅकशी जाऊन बसला. तो आला यातच मला पुष्कळ मिळालं.

नवाबभाईंनी या वेळी टेकू सहा लावले होते. तडकलेला भाग आधीच पट्ट्यांनी आवळला होता. मला जुन्या खांबाशी उभं केलं, डोक्यावर हेल्मेट. दोन्ही तळहात खांबाला. म्हणाले, “बघायचं न्हाई, बोलायचं न्हाई. खांब मोकळा झाला असं वाटलं की हात वर करा.” साधना आणि तनुजा उंबऱ्यात.

आमिरने आणि गणराजने पाव फेरा दिला. तळहातात बारीक मुंग्या आल्या. थांबले. नवाबभाईंनी वर बघितलं, बोट उचललं. पुन्हा पाव फेरा. पुन्हा मुंग्या. असं किती वेळ चाललं ते माहीत नाही. मी डोळे मिटले होते. प्रत्येक फेऱ्याला मला छप्पर कळत होतं. कुठला वासा ताणला, कुठली रीप सुटली, भिंतीशी काय सरकलं, सगळं खांबातून हातात येत होतं. सगळं घर माझ्याशी बोलत होतं, आणि इतकं स्पष्ट गेल्या चार वर्षांत कुणी बोललं नव्हतं.

मग एका फेऱ्याला काहीच आलं नाही. मुंग्या नाहीत, थरथर नाही. खांब हाताखाली नुसतं लाकूड झाला. मी हात वर केला.

सगळे थांबले. आमिरने हॅक्सॉचं पातं घेतलं आणि खांबाच्या डोक्यावरच्या फटीत घातलं. पातं इकडून गेलं, तिकडून बाहेर आलं. छप्पर अधांतरी उभं होतं. नवाबभाई पुटपुटत होते, दुवा असावी. गणराज तोंड उघडं टाकून आधी वर आणि मग माझ्याकडे बघत होता. लहानपणी मी पहिल्यांदा त्याला इंद्रायणीचा पूर बघायला नेलं होतं तेव्हा असाच बघत होता.

जुना खांब बुडाशी कापला. तो दोघांनी सहज उचलला, इतका हलका. नवा उभा केला, पाण्याच्या नळीने पुन्हा खुणा तपासल्या. झोल गेला होता. दोरी आढ्याला सुरुवातीपासून शेवटपर्यंत चिकटून होती.

मग उलटं काम. जॅक उतरवायचे, म्हणजे भार नव्या खांबावर येणार. नवाबभाईंनी मला पुन्हा हात लावायला सांगितलं. मी लावला. तेवढ्यात तनुजा उंबऱ्यातून आत आली. कुणी बोलावलं नव्हतं. माझ्या उजव्या बाजूला उभी राहिली आणि तिने आपला हात माझ्या हाताखाली खांबाला लावला. नवाबभाईंनी तिला बघितलं, साधनाकडे बघितलं, आणि आपलं हेल्मेट काढून तिच्या डोक्यावर ठेवलं. मग बोट खाली केलं.

जॅक उतरू लागले. पहिल्यांदा काही नाही. मग वरून काहीतरी आलं, दूरवरून ट्रकचा ताफा यावा तसं, वाढत वाढत, आणि सगळा खांब हाताखाली शहारायला लागला.

तनुजाचे ओठ हलले.

“काय म्हणालीस?”

ती माझ्या कानाशी आली. “बाबा, हा थरथरतोय.”

“भार घेतोय,” मी म्हणालो. “हात काढू नकोस. घेतला की थांबेल.”

तिने दुसराही हात लावला. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो, आणि थोड्या वेळाने खांब थांबला.